पुढच्याला दे : लोकवर्गणीचा पैसा ऑनलाइन कसा जातो, कुठे अडतो

आमच्या घरी कपाटाच्या खालच्या खणात, रेशनकार्ड आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या खाली, आखीव वहीचं एक पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेलं आहे. साल १९९४. मी सात वर्षांची होते. हृदयाला भोक होतं आणि परळला महापालिकेच्या रुग्णालयात ऑपरेशन ठरलं होतं. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर. रुग्णालयाचा खर्च आवाक्यातला होता, पण बाहेरून आणायचं सामान आणि औषधं यांचे पैसे काही केल्या जमेनात. तेव्हा डेपोतल्या लोकांनी वही फिरवली.

ते पान अजून वाचता येतं. डाव्या बाजूला बिल्ला नंबर, उजव्या बाजूला रक्कम. पाच, दहा, दहा, वीस, पाच. मध्येच ‘कॅन्टीन : २५’, ‘स्टार्टर साहेब : १०१’. एका ओळीत फक्त ‘नाव नको : ५०’. खाली बाबांच्या अक्षरात बेरीज, ४,३१० रुपये.

पुढे बाबांनी पगारातून थोडे थोडे बाजूला काढून हे पैसे परत करायला घेतले. पहिल्या चार-पाच जणांनी हातच मागे घेतला. एकजण म्हणाला, “ठेव रे, पुढच्याला दे.” निम्मे बिल्ले तोवर दुसऱ्या डेपोत बदलून गेले होते, आणि ‘नाव नको’वाल्याला शोधायचं तरी कुठे? बाबांनी परतफेडीचा नाद सोडला. त्यानंतर मात्र डेपोत कुणासाठीही वही फिरली की पहिली ओळ बाबांची असायची.

आज ती वही आपल्या फोनवर येते. सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर. बाळाचा फोटो, नळ्या लावलेला हात, एक लिंक, एक क्यूआर कोड, आणि खाली ‘फूल ना फुलाची पाकळी’. बरेच जण दोन टोकांना जातात. काही जण डोळे पुसत लगेच पैसे पाठवतात, काही जण ‘सगळं बोगस असतं’ म्हणून पुढे जातात. दोघांचीही अडचण एकच असते, पलीकडे काय चालतं ते माहीत नसतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

ओळखीच्या जागी काय आलं

क्राउडफंडिंग म्हणजे लोकवर्गणी. शब्द नवा, गोष्ट जुनी. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करायची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि त्या ‘पैसा फंडा’तून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. गावकऱ्यांनी दिलेल्या मूठमूठ धान्याचा तिच्या वसतिगृहांना मोठा आधार होता. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून १९७६ साली एक अख्खा चित्रपट उभा केला.

मला या सगळ्यांत सर्वांत जवळचं वाटतं ते ‘सामाजिक कृतज्ञता निधी’चं उदाहरण. आयुष्य समाजाच्या कामाला वाहिलेल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा थोडं मानधन मिळावं म्हणून डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव अशा मंडळींनी हा निधी उभा केला. त्यासाठी नाटकाचे प्रयोग लावले, आलेले पैसे ठेवीत टाकले आणि व्याजातून मानधन सुरू केलं. त्या नावात ‘दान’ नाही, ‘मदत’ही नाही. देणारा स्वतःला ऋणी समजतो आहे. हा एक शब्द बदलला की देण्याची सगळी तऱ्हाच बदलते, असं माझं मत आहे. दान देणारा वरून बघतो. ऋण मानणारा शेजारी बसतो, आणि ते पैसे नीट पोहोचले का हे बघणं त्याला स्वतःचंच काम वाटतं.

डेपोच्या वहीत आणि फोनवरच्या लिंकमध्ये खरा फरक एकच आहे. वही फिरली तेव्हा सगळे बाबांना ओळखत होते. मुलगी खरंच आजारी आहे का, ऑपरेशन कुठे आहे, पैसे कुणाच्या हातात जाणार, हे कुणाला विचारावं लागलं नाही. ऑनलाइन लोकवर्गणीत देणारा आणि घेणारा एकमेकांना कधीच भेटत नाहीत. मग त्या ओळखीच्या जागी काहीतरी उभं करावं लागतं. रुग्णालयाचं एस्टिमेट, केस नंबर, ओळखपत्र, बँक खात्याची पडताळणी, वेळोवेळी येणारी खबर. संकेतस्थळं जे काम करतात, ते हेच. मिलाप हे बेंगळुरूहून २०१० मध्ये सुरू झालं, केटो मुंबईत २०१२ मध्ये. सध्या आपल्यापर्यंत येणारी बरीचशी आवाहनं अशाच संकेतस्थळांवरची असतात. पण खूपशी आवाहनं अशा कुठल्याही ठिकाणी न जाता थेट कुणाच्या तरी क्यूआर कोडवर संपतात, आणि तिथे ओळखीची जागा रिकामीच असते.

क्राउडफंडिंगचे आणखीही प्रकार आहेत. एखाद्या वस्तूसाठी किंवा कलाकृतीसाठी आधी पैसे देऊन नंतर ती मिळवायची, हा एक. ऑनलाइन ओळखीतून एकमेकांना कर्ज द्यायचं, हा दुसरा. त्याला रिझर्व्ह बँकेचे २०१७ पासूनचे नियम लागू आहेत. ‘आमच्या कंपनीत पैसे घाला, शेअर देतो’ म्हणत सर्वसामान्य लोकांकडून ऑनलाइन पैसे गोळा करायला मात्र सेबीची परवानगी नाही, तेव्हा असलं आवाहन आलं तर लांब राहा. हा लेख परतीची अपेक्षा नसलेल्या देण्याबद्दल आहे.

तुमचे पैसे वाटेत कुठेकुठे थांबतात

समजा, एका मुलाच्या उपचारांसाठी पाच लाखांचं आवाहन आहे आणि ते पूर्ण झालं. तुम्ही दिलेली रक्कम आधी पेमेंट गेटवेकडे जाते, म्हणजे कार्ड किंवा यूपीआयवरून पैसे ओढून घेणाऱ्या मधल्या कंपनीकडे. तिथून ती संकेतस्थळाच्या वेगळ्या खात्यात साठते. आवाहन करणाऱ्याने कागदपत्रं दिली, पडताळणी झाली, की ती एकतर थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते किंवा घरच्यांच्या खात्यात.

या वाटेवर शुल्क कापलं जातं. गेटवेचं २ टक्के आणि संकेतस्थळाचं ५ टक्के धरलं, त्यावर १८ टक्के जीएसटी लावला, तर पाच लाखांतून साधारण ४१,३०० रुपये जातात आणि ४,५८,७०० रुपये पोहोचतात. हे आकडे मी हिशेब कळावा म्हणून धरले आहेत; प्रत्येक ठिकाणचे दर वेगळे असतात आणि ते लिहिलेले असतात, फक्त पान खाली सरकवून बघावं लागतं.

शुल्क घेण्यात मला काही गैर वाटत नाही. पडताळणी करणारी माणसं, फोन उचलणारी माणसं, सर्व्हर, सगळ्याला पैसा लागतो. खटकतं ते वेगळंच. काही ठिकाणी ‘आम्ही शून्य शुल्क घेतो’ असं मोठ्या अक्षरांत असतं आणि शेवटच्या पानावर एक ‘टिप’ आधीच निवडून ठेवलेली असते. पहिल्यांदा मी १,००० रुपये दिले तेव्हा खात्यातून १,१५० गेले. दीडशे कसले, म्हणून परत पान उघडलं तर टिपेचा आकडा तिथे दिसला, आणि तो शून्य करायची सोय एका बारीक बाणाखाली होती. टिप द्यायची तर राजीखुशीने द्यावी. मी आजही बहुतेक वेळा देते, पण आकडा माझा मी लिहिते.

आणखी एक गोष्ट विचारायला हवी, आणि ती विचारायला जड जाते. पैसे जास्त जमले तर? उपचार अर्धवट राहिले तर? रुग्ण गेला तर? उरलेली रक्कम रुग्णालयाचं बाकी बिल भागवायला जाते, कुटुंबाला मिळते, दुसऱ्या रुग्णाकडे वळवली जाते की देणाऱ्यांना परत येते, हे त्या त्या संकेतस्थळाच्या अटींवर असतं. चांगल्या आवाहनात हे आधीच लिहिलेलं असतं.

पाच मिनिटांची चौकशी

तीनेक वर्षांपूर्वी संध्याकाळच्या लोकलमध्ये, ठाण्याच्या पुढे जरा उभं राहायला जागा मिळाली तेव्हा, मी ग्रुपवरचा एक व्हिडिओ बघितला. दोन-अडीच वर्षांचं बाळ, आई रडते आहे, खाली क्यूआर कोड. मला माझंच ऑपरेशन आठवलं. कोड स्कॅन केला तर नाव आलं ते कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीसारखं. मी ते वाचलं. वाचूनही २,००० रुपये पाठवले. महिन्याभराने तोच व्हिडिओ दुसऱ्या ग्रुपवर आला, बाळ तेच, आईही तीच, क्यूआर मात्र वेगळा. त्या बाळाच्या घरच्यांनी कधीतरी, कुठेतरी खरी मदत मागितली असणार. कुणीतरी त्यांचं रडणं उचललं आणि खाली आपला कोड चिकटवला. १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार केली, पण पैसे परत आले नाहीत. पैशांपेक्षा मला लागलं ते हे की पुढचे चार-पाच महिने मी एकाही आवाहनाला हात लावला नाही. फसवणारा अशा रीतीने पुढच्या खऱ्या रुग्णाचेही पैसे खातो.

तेव्हापासून ठरवून टाकलं आहे. रडू आलं तर येऊ द्यायचं, पण पिन टाकायच्या आधी पाच मिनिटं थांबायचं.

सगळ्यात आधी एस्टिमेट बघायचं. एस्टिमेट म्हणजे उपचारांच्या खर्चाचं अंदाजपत्रक; मुंबईतल्या रुग्णालयांत सगळे एस्टिमेटच म्हणतात. ते रुग्णालयाच्या लेटरहेडवर असतं, त्यावर तारीख, रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, आजार, अंदाजे खर्च, डॉक्टरची सही आणि शिक्का असतो. तारीख दीड वर्षापूर्वीची आणि आवाहन आजचं असेल तर कारण विचारा. एस्टिमेट चार लाखांचं आणि मागणी पंधरा लाखांची असेल तर वरचे अकरा लाख कशाचे, ते विचारा. उत्तर खरंच असू शकतं. बाहेरगावच्या कुटुंबाला मुंबईत सहा महिने राहायचं असेल तर भाडं, जेवण, बुडालेली मजुरी हा फार मोठा खर्च असतो. पण तो लिहिलेला हवा.

मग फोन करायचा. पोस्टरवर दिलेल्या नंबरावर करायचा नाही. रुग्णालयाचा नंबर स्वतः शोधायचा आणि समाजसेवा विभाग मागायचा. रुग्णाची माहिती ते देणार नाहीत, देऊही नये, पण ‘अमुक नोंदणी क्रमांकाच्या रुग्णाला मदत हवी आहे का, थेट तुमच्याकडे भरता येईल का’ असं विचारलं तर बहुतेक वेळा नीट उत्तर मिळतं. बऱ्याच ठिकाणी रुग्णाच्या नावे आणि क्रमांकाने थेट रुग्णालयात पैसे भरता येतात आणि पावती मिळते. माझ्या दृष्टीने यापेक्षा चांगली वाट नाही.

आणि शेवटी, पैसे पाठवताना पडद्यावर येणारं नाव वाचायचं. ते रुग्णाचं, घरच्यांचं, रुग्णालयाचं किंवा संकेतस्थळाचं असायला हवं. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही हेही लक्षात असू द्या. ‘तुमची मदत परत करतो, पिन टाका’ म्हणणारा चोर असतो.

संस्थेला देताना चौकशी वेगळी. संस्थेची नोंदणी, लेखापरीक्षण झालेला हिशेब, गेल्या वर्षीच्या कामाचा अहवाल, एवढं मागितलं तर प्रामाणिक संस्था आनंदाने देते. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थांवर देखरेख धर्मादाय आयुक्तांची असते. त्यांचं कार्यालय वरळीला आहे. नोंदणी नसलेल्या गटाला धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी काढायची तर त्यांची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळं घेतात ती हीच परवानगी, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली.

आधी हे दरवाजे ठोठावले का?

हा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि आवाहनांत तो जवळजवळ कधीच नसतो.

आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांच्या बायकोला ऑपरेशन सांगितलं. खासगी रुग्णालयाचं एस्टिमेट चार लाख. कमिटीतल्या एका तरुणाने लगेच लिंक बनवायला घेतली. खालच्या मजल्यावरच्या काकू, ज्या पूर्वी नर्स होत्या, म्हणाल्या, “अरे, थांब. आधी समाजसेवा अधीक्षकांना भेटा.” मी आणि काका गेलो. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या रांगेपलीकडे, एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर योजनांची पत्रकं. बाईंनी काय आणायचं ते कागदावर लिहून दिलं : रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, आधार, एस्टिमेट. दाखल्यासाठी दोन खेपा झाल्या. आठवड्याभराने काकांच्या वाट्याला उरले ९०,००० रुपये. ते आमच्या चार विंगांत दोन दिवसांत जमले, लिंकही लागली नाही.

हे कसं झालं, ते सांगते. मुंबईतली अनेक मोठी खासगी रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय संस्था आहेत. अशा रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. शिवाय एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत टाकावी लागते. त्याच विश्वस्त कायद्यात हे कलम ४१ कक. कोण निर्धन आणि कोण दुर्बल, याची उत्पन्नाची मर्यादा सरकार वेळोवेळी ठरवतं.

दुसरा दरवाजा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. ठरावीक आजारांसाठी, योजनेत असलेल्या रुग्णालयांत, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार तिच्यातून होतात. तिसरा मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीचा. दुर्मिळ आजार असेल तर २०२१ चं राष्ट्रीय धोरण आहे; त्यात ठरवून दिलेल्या केंद्रांमध्ये परळचं केईएम रुग्णालय आहे, आणि अशा रुग्णांसाठी केंद्र सरकारने स्वतःच लोकवर्गणीचं संकेतस्थळ काढलं आहे. ज्या आजारांवरचं एक इंजेक्शन सोळा कोटींच्या घरात जातं, तिथे सरकारलाही लोकांपुढे पदर पसरावा लागतो.

लोकांकडे जायचं ते हे सगळं करून उरलेल्या रकमेसाठी. म्हणून आता माझ्याकडे आवाहन आलं की मी पैसे पाठवायच्या आधी विचारते, “समाजसेवा अधीक्षकांना भेटलात का?” अनेकदा कुणी भेटलेलंच नसतं, कारण कुणी सांगितलेलं नसतं. ज्याला हजार रुपये देणं जमत नाही त्याने एखाद्या कुटुंबाबरोबर तहसील कार्यालयात एक सकाळ घालवावी. त्या एका दाखल्याने लाखांचं बिल खाली येऊ शकतं.

कर आणि परदेशातले नातेवाईक

एखाद्या रुग्णाच्या आवाहनाला थेट दिलेल्या पैशांवर करसवलत मिळत नाही. ती सवलत मिळते मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर; आयकराच्या कलमावरून सगळे तिला ८०जी म्हणून ओळखतात. तीही जुनी करपद्धत निवडली असेल तर. रोख दोन हजारांच्या वर दिलं तर सवलत नाही. संस्थेने देणगीची माहिती आयकर खात्याला कळवायची असते आणि तुम्हाला प्रमाणपत्र द्यायचं असतं. नुसती पावती पुरत नाही.

घेणाऱ्यासाठी याहून मोठी गोष्ट आहे. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम एखाद्याच्या खात्यात भेट म्हणून आली, तर ती सगळी त्याचं उत्पन्न धरली जाऊ शकते. आजारपणातून उठलेल्या घराला नोटीस नको असेल तर पैसे थेट रुग्णालयाकडे किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फत जाऊ द्यावेत, आणि प्रत्येक बिल जपून ठेवावं. लाखांत रक्कम असेल तर एखाद्या सीएला आधीच विचारावं.

अमेरिकेतला भाचा पैसे पाठवतो म्हणाला तर त्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर त्याचे पैसे परदेशी मदत ठरत नाहीत. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, अगदी ओसीआय कार्ड असलं तरी, संस्थेला ते पैसे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाहीत.

ज्यांची लिंक कधीच येत नाही

लोकवर्गणीचं आवाहन चालतं ते आधी ओळखीच्या लोकांवर. पहिले पैसे नातेवाईक, मित्र, ऑफिसमधले सहकारी देतात. आकडा थोडा वर गेला की अनोळखी लोकांना विश्वास वाटतो. याचा सरळ अर्थ असा की ज्याच्या ओळखी पगारदारांत आहेत, ज्याला चार ओळी नीट लिहिता येतात, ज्याचं मूल फोटोत गोड दिसतं, त्याचं आवाहन पूर्ण होतं. परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेर पदपथावर चादर अंथरून बसलेला साठीचा शेतमजूर, ज्याच्या फोनवर रिचार्जही नाही, त्याचं आवाहन कोण लिहिणार? पन्नाशीतल्या माणसाचं डायलिसिस आठवड्यातून दोन-तीन वेळा, वर्षानुवर्षं चालतं. त्यात शेवटाची तारीख नाही, ‘वाचला!’ असा क्षण नाही. त्याची लिंक आली तरी कुणी पुढे पाठवत नाही.

म्हणून मी माझ्या देण्याचे दोन भाग केले आहेत. मोठा भाग दरमहा, ठरलेल्या तारखेला, अशा ठिकाणी जातो जिथे चेहरा दिसत नाही. मुंबईत अशी ठिकाणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे बाहेरगावचे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. लालबागच्या राजाचं मंडळ डायलिसिस केंद्र चालवतं. सिद्धिविनायक न्यास गरजू रुग्णांना अर्थसाहाय्य देतो. पण मोठीच नावं हवीत असं नाही. तुमच्या वस्तीतली अभ्यासिका किंवा एखादी रुग्णसाहित्य केंद्रवाली संस्था, जी वॉकर आणि खाटा नाममात्र भाड्याने देते, तीही दरमहाच्या दोनशे रुपयांवर उभी राहू शकते. संस्थेला दरमहा नक्की येणाऱ्या छोट्या रकमेचा आधार एकदाच आलेल्या मोठ्या रकमेपेक्षा जास्त असतो, कारण त्यावर पगार ठरवता येतो, भाडं भरता येतं.

लहान भाग अचानक येणाऱ्या आवाहनांसाठी, पाच मिनिटांची चौकशी करून. आणि पैशांखेरीज रक्त. निरोगी पुरुषाला दर तीन महिन्यांनी, बाईला दर चार महिन्यांनी रक्तदान करता येतं. माझ्या ऑपरेशनसाठी रक्त दिलेल्या माणसांची नोंद तर त्या पानावरही नाही.

फोटोबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. नळ्या लावलेल्या मुलाचा चेहरा पुढे पाठवण्यापूर्वी क्षणभर थांबा. ते मूल उद्या मोठं होणार आहे, शाळेत जाणार आहे, आणि इंटरनेटवरचा तो फोटो तिथेच राहणार आहे. माझ्या पानावर बिल्ल्यांचे नंबर होते, माझा फोटो नव्हता, तरीही लोकांनी पैसे दिले. तुम्ही आवाहन लिहीत असाल तर रुग्णालय, आजार, एस्टिमेट, उरलेली रक्कम आणि संपर्क, एवढं स्वच्छ लिहा. चेहऱ्याशिवायही ते चालतं, मी बघितलं आहे. आणि पैसे आले की खबर द्या. ‘भरती झाली’, ‘दुसरा केमो झाला’, ‘बिल भरलं, हा फोटो’, ‘आजी गेल्या’ हेसुद्धा. देणाऱ्याला आभाराची भाषणं नको असतात. आपला पैसा कुठे टेकला एवढं कळलं तरी बस्स.

गेल्या पंधरवड्यात परभणीकडच्या एका मुलाच्या केमोसाठी थोडी रक्कम रुग्णालयात भरली. समाजसेवा विभागाने विचारून मुलाच्या काकांचा नंबर दिला होता, म्हणून फोन केला. काका वॉर्डाबाहेरच्या जिन्यात उभे होते. मागे लिफ्टचा आवाज आणि कुणाचं तरी नाव पुकारणं ऐकू येत होतं. चौथा डोस झाला होता, पोरगं आदल्या रात्री वरणभात जेवलं होतं.

“ताई, मी वहीत सगळ्यांची नावं लिहून ठेवतोय,” ते म्हणाले. “तुमचं काय लिहू?”

मी त्यांना बाबांचा बिल्ला नंबर सांगितला. त्यांनी तो परत म्हणून दाखवला, बरोबर आहे का विचारलं, आणि लिहून घेतला.